फुटामागं एक सूत

सकाळी साडेसातला कारखान्याचा भोंगा झाला की अण्णा कोट काढून खुंटीला अडकवत आणि स्वतःला रहाटाला जुंपून घेत. हे मी अलंकारिक भाषेत लिहीत नाही. आवारातल्या विहिरीवर आमच्या कारखान्याचा लोखंडी रहाट बसवलेला होता. त्याचा आडवा दांडा एरवी बैलानं ओढायचा, तो अण्णा छातीशी घेत आणि गोल गोल फिरू लागत. डब्यांची माळ विहिरीतून वर येई, एकेक डबा पन्हाळीत ओतला जाई आणि हौद भरत राही. अर्धा तास हा प्रकार चाले. सत्तर माणसांच्या कारखान्याचा मालक बैलाच्या जागी कशाला, असं कुणी नव्या माणसानं विचारलं तर ते म्हणत, "बैल बोलत न्हाई. खांदा कुठं दुखतो ते कुनी तरी सांगाया पायजे का न्हाई?"

त्यांच्या मागोमाग मी. हातात पुठ्ठा, पुठ्ठ्यावर कागद, कानाला जादा पेन्सिल. कारखान्याची सगळी पत्रं अण्णा या फेऱ्यांतच सांगत. खुर्चीत बसून त्यांना एक ओळ सुचत नसे. ऑफिसात एक चांगली शिसवी खुर्ची होती, पण ती गिऱ्हाइकासाठी. "खुर्चीत बसलं की मानसाला वाटतं आपन काम केलं," असं म्हणून ते दारातल्या एका पालथ्या लोखंडी पेटीवर टेकत. मी घरी पक्की पत्रं लिहायला बसलो की माझी बायको कच्चा कागद उचलून बघायची आणि म्हणायची, "तुमच्या अक्षराला चक्कर येते हो हल्ली."

मी मूळचा नगरच्या एका शाळेतला ड्रॉइंग मास्तर. पेरू, तांब्या आणि उघडी छत्री मुलांकडून काढून घेण्यात माझी आठ वर्षं गेली होती. लढाई सुरू झाल्यावर कुणीतरी अण्णांना सांगितलं की आता मोठ्या कारखान्यांतून यंत्राचे नकाशे काढणारा माणूस ठेवतात. अण्णा शाळेत आले, वर्गाच्या खिडकीतून माझा फळा पाच मिनिटं बघत उभे राहिले आणि मधल्या सुट्टीत मला म्हणाले, "तुमचा तांब्या चांगला हाय. पन आमाला आतनं कसा हाय ते काढायचं असतं. जमंल?" मी जमेल म्हणालो. शाळेतले सगळे मला मास्तर म्हणत, कारखान्यातही तेच राहिलं.

अण्णा राजूरकडच्या डोंगरातले. तरुणपणी राजूरच्या बाजारात भाता लावून बसत आणि विळे-खुरपी शेवटून, म्हणजे तापवून नवी धार काढून देत. त्यांच्या थोरल्या भावाची विहीर होती आणि विहिरीवर मोट. मोटेचे बैल विहिरीपुढच्या धावेच्या उतारावरून खाली जातात तेव्हा भरलेली मोट वर येते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण रिकामी मोट पुन्हा विहिरीत सोडायची तर त्याच बैलांना पाठमोरं चालत विहिरीच्या कडेपर्यंत यावं लागतं, याचा विचार कुणी करत नाही. एके दिवशी भावाचा एक बैल असा पाठमोरा येता येता मागचा पाय घसरून विहिरीत गेला. अण्णा दोर घेऊन आत उतरले होते. त्याविषयी ते जास्त बोलत नसत. एवढंच म्हणत, "जनावराला मागं डोळं न्हाईत. त्याला उलटं चालवायचं मानसाला सुचलंच कसं?"

त्यानंतर ते मुंबईला गेले. एका ओतकामाच्या कारखान्यात दोन वर्षं वाळूचे साचे भरले, लोखंड कसं वितळवतात आणि कसं ओततात ते बघितलं आणि परत येऊन नगरच्या स्टेशनाजवळ एक पडकी वखार घेऊन भट्टी उभी केली. तिथं पहिला रहाट तयार झाला आणि तो पहिल्याच दिवशी मोडला. दुसरा आठ दिवस चालला. मी नोकरीला लागलो तेव्हा जिल्ह्यात आमचे पुष्कळ रहाट फिरत होते आणि अण्णांना लोक कारखानदार म्हणू लागले होते. त्यांना तो शब्द आवडत नसे, पण उद्योगपती म्हटलं तर त्याहून जास्त लाजत.

त्यांच्या कोटाला चार खिसे. एकात खडू, एकात भाजलेल्या शेंगा, एकात विड्या आणि चौथ्यात पाव शेराची हातोडी. ओतलेला कुठलाही तुकडा समोर आला की ते हातोडीनं टिचकी मारल्यासारखं वाजवून कान देत. आतून चीर असेल तर आवाज बद्द येतो. कारखान्यात हे ठीकच होतं, पण खोड कुठं थांबते? नगरातल्या एका बड्या व्यापाऱ्याकडं आम्हाला जेवायला बोलावलं होतं. पाटावर बसल्या बसल्या अण्णांनी पाण्याची पितळी घागर वाजवली आणि "ही गेली" असं जाहीर केलं. यजमानांचं तोंड उतरलं. घागर त्यांच्या सासुरवाडीची होती. आठ दिवसांनी ती खरंच गळू लागली, पण त्या घरून पुन्हा बोलावणं आलं नाही.

दर शनिवारी जेवणाच्या सुट्टीत गिऱ्हाइकांची पत्रं मोठ्यानं वाचायचं काम माझ्याकडं होतं. पत्रं फक्त तक्रारीची. स्तुतीचं एखादं आलं आणि मी ते चुकून सुरू केलं तर अण्णा हात वर करत. "त्ये घरी न्या. बायकोला वाचून दाखवा, तिला बरं वाटंल." मग पुढचं. अमक्याच्या दांड्याची खिटी निसटते, तमक्याचे डबे गळतात. सत्तर माणसं भाकरी चावत खाली मान घालून ऐकत आणि ज्याचं काम असेल त्याच्या कानाच्या पाळ्या लाल होत. दंड वगैरे काही नसे. पण चुकीपायी रहाट बंद पडला, तर कारखान्याचा एक रिवाज होता. ज्याची चूक, त्यानं गिऱ्हाइकाच्या गावी जायचं, चूक आपली आहे हे स्वतःच्या तोंडानं सांगायचं आणि दुरुस्त माल येईपर्यंत त्याच्या विहिरीवर मोट हाकायची.

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला वाटलं हे नुसतं बोलायचं असेल. मग एकदा सरकारी लोखंडाच्या परवान्यासाठी एक गोरा अधिकारी अचानक कारखाना बघायला आला. मालक कुठं आहेत असं त्यानं विचारलं आणि मला माझ्या शाळेतल्या इंग्रजीत सांगावं लागलं की ते नेवाशाला मोट हाकायला गेले आहेत. दोन डब्यांमधलं अंतर अण्णांनीच चुकीचं सांगितलं होतं, म्हणून ते गेले होते. साहेबाला वाटलं माझं इंग्रजी कच्चं आहे. त्यानं तेच तीनदा विचारलं. पुढं अण्णा परतल्यावर तो पुन्हा आला, तेव्हा डोक्यावरच्या हॅटसकट त्याला आमच्याबरोबर रहाटाभोवती फिरावं लागलं. सातव्या फेरीला त्यानं परवाना देतो म्हणून कबूल केलं. मला वाटतं त्याला घेरी आली असावी.

आता मिस्त्रींविषयी सांगतो, कारण त्यांच्याशिवाय अण्णांचं चित्र पुरं होणार नाही. ओतकामात आधी लाकडाचा नमुना करतात, तो वाळूत दाबून साचा घेतात आणि त्या साच्यात वितळलेलं लोखंड ओततात. हे लाकडी नमुने करणारे आमचे मिस्त्री साठी उलटलेले, नगरच्या कोठला भागातल्या जुन्या मुसलमान सुतारांच्या घरातले. पांढरी दाढी, डोक्याला विणलेली टोपी, आणि सागवानाखेरीज जगात दुसरं लाकूड नाही असा समज. अण्णांनी पडकी वखार घेतली त्या दिवसापासून ते बरोबर होते. अण्णा सगळ्या कारखान्याला नावानं हाक मारत, मिस्त्रींना मात्र मिस्त्रीच म्हणत आणि त्यांच्यासमोर विडी ओढत नसत.

अण्णांना कागदावरचा नकाशा कळत नसे. ते आणि मिस्त्री सगळा माल फरशीवर खडूनं खऱ्या आकाराचा काढत. मिस्त्री त्यावरून परकारानं माप उचलत आणि लाकूड कापताना फुटामागं एक सूत जास्त धरत. वितळलेलं लोखंड निवताना आकसतं, फुटाला एक सूत कमी होतं, म्हणून नमुना तेवढा मोठा करावा लागतो. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मिस्त्री ते कुठं लिहीत नसत, कुणाला सांगतही नसत. अंगठ्याच्या नखानं लाकडावर खूण करत की झालं.

शेवगावच्या तात्यांची विहीर आमच्या नेहमीच्या रहाटाला फार खोल होती. तात्या वर्षभर अण्णांच्या मागं लागले होते. शेवटी अण्णांनी दोन बैलांचा मोठा रहाट करायचं ठरवलं. त्याला लहान दातेरी चाक पोलादाचंच हवं होतं आणि लढाईच्या दिवसांत पोलाद मिळण्याची आशा नव्हती. एका मोडीत निघालेल्या सरकी काढायच्या यंत्रात तसं एक चाक सापडलं. त्याच्याशी जुळणारं तीन फुटांचं मोठं चाक तेवढं आम्ही ओतायचं होतं. सांगाडा, डबे आणि ते पोलादी चाक शेवगावला पुढं रवाना झालं, विहिरीवर पक्कं बसलंही. राहिलं मोठं चाक.

त्याचं रेखाटन फरशीवर मी केलं. आणि इथं माझा शहाणपणा आडवा आला. जुन्या बाजारात मला ओतकामावरचं एक इंग्रजी पुस्तक मिळालं होतं. आकसण्याचा सगळा हिशेब त्यात होता आणि त्यासाठी मुद्दाम लांब केलेल्या फूटपट्टीचं चित्रही होतं. तिच्यावरचा एक फूट खऱ्या फुटापेक्षा सूतभर मोठा असतो. तसली एक पितळी पट्टी अण्णांनी मुंबईहून कधीकाळी आणलेली, ऑफिसच्या खणात पडलेली मला दिसली. मला वाटलं, आता हा कारखाना शास्त्रशुद्ध करायचा. मी त्या पट्टीनं चाक काढलं. कुणाला बोललो नाही. चाक बसल्यावर सगळ्यांसमोर खिशातून पट्टी काढून दाखवायची, अशी सगळी तयारी मनात झालेली होती. मिस्त्री आले, परकारानं माप उचललं आणि आपल्या नेहमीच्या रिवाजानं फुटामागं एक सूत वर घातलं. एकाच चाकाची काळजी आम्ही दोघांनी वेगवेगळी घेतली.

चाक ओतलं. अण्णांनी हातोडीनं वाजवलं, आवाज देवळाच्या घंटेसारखा आला. पेट्रोल मिळत नसल्यानं कोळशाच्या गॅसवर धापा टाकणाऱ्या एका लॉरीतून आम्ही तिघं ते शेवगावला घेऊन गेलो. तात्यांच्या मळ्यात निम्मं गाव जमलं होतं. चाक चढवलं, अण्णांनी दांडा ढकलला आणि अशी करकर झाली की लिंबावरचे कावळे उडाले. दात दातात बसेनात. मिस्त्रींनी परकार काढला, एकदा मोजलं, पुन्हा मोजलं आणि खाली बसले.

"फुटामागं सूत जादा हाय," ते म्हणाले. "हात चुकला, अण्णा."

त्यांनी हे म्हटलं त्याच क्षणी मला सगळं उमगलं. पट्टी माझ्या खिशातच होती. मी बोललो नाही. गाव बघत होतं, तात्यांची बायको ओच्यात नारळ घेऊन उभी होती, आणि मला माझी लाज मिस्त्रींच्या हातापेक्षा मोठी वाटली. याहून वेगळं कारण मला आजही देता येत नाही.

नगरला परतल्यावर मिस्त्री कुणाशी बोलेनात. दुपारी डबा सोडत नसत, जसा आणला तसा घरी नेत. पटाशा, रंधे, करवती एकेक पुसून, तेल लावून गोणपाटात गुंडाळायला त्यांनी सुरुवात केली होती. रिवाजाप्रमाणं शेवगावला जायची तयारीही चालली होती. त्या वयात, चैत्राच्या उन्हात, दम्याची छाती घेऊन हा माणूस मोट हाकणार आणि तिथून आला तर कारखान्यात पुन्हा पाऊल टाकणार नाही, हे सगळ्यांना दिसत होतं. अण्णा त्यांना म्हणाले, "मी जातो तुमच्या जागी." मिस्त्री म्हणाले, "माझी चूक माझ्याकडं ऱ्हाऊ द्या. तेवढीच ऱ्हायलीय." मी रोज सकाळी ठरवून घरून निघे आणि रोज संध्याकाळी तसाच परत जाई. असे तीन दिवस गेले.

चौथ्या सकाळी फेरी सुरू झाली आणि अण्णा सांगू लागले, "लिवा. तात्यांस रामराम. आपले चाक आमचे मिस्त्री यांचे हातून..."

माझे पाय थांबले. अण्णा दांडा घेऊन पुढं गेले, वळसा घालून पुन्हा माझ्यापाशी आले.

"लिवलं?"

"अण्णा, चूक मिस्त्रींची नाही."

तोवर ते पुढं निघून गेले होते. भरलेले डबे वर येत असताना एकदम थांबायची त्यांना सवय नव्हती. दुसऱ्या फेरीला म्हणाले, "मंग कुनाची?"

"माझी."

तिसऱ्या फेरीला ते थांबले. माळ उलटी फिरू न देणारी खिटी खटकन पडली आणि माळ विहिरीत तशीच भरलेली लटकत राहिली. मी खिशातून पितळी पट्टी काढून दिली. ती त्यांनी ओळखली. एकदा माझ्याकडं, एकदा पट्टीकडं बघितलं.

"म्हंजी तुमी बी एक सूत घातलं अन् त्यांनी बी."

"हो."

"हे तितं इहिरीवरच कळलं हुतं तुमाला?"

"हो."

अण्णांना मी रागावलेलं कधी बघितलं नव्हतं. त्या दिवशीही आवाज चढला नाही, पण दांडा सोडून ते माझ्या अगदी समोर आले. "चाकाचं काय हो, मास्तर, चाक पुन्ना वितळवता येतं. तीन दिस म्हातारा डबा सोडंना, त्ये मी कुठल्या भट्टीत घालू?"

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. ते मला मनगट धरून मिस्त्रींच्या खोलीत घेऊन गेले, जसं एखाद्या वांड पोराला हेडमास्तरांपुढं नेतात तसं. मी सगळं सांगितलं. पट्टी, पुस्तक, खिशात ठेवलेली फुशारकी, काही लपवलं नाही. मिस्त्रींनी ऐकून घेतलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"मास्टर, तुमी लई भलं मानूस. म्हाताऱ्याची इज्जत राखाया बगता. पन आसं खोटं बोलू नये."

मी त्या पितळी पट्टीला साधी पट्टी लावून दाखवली. मिस्त्री म्हणाले, "पट्टी लांब हाय, ते दिसतंय. पन चाक हिनंच काढलं, कशावरून? फरशी तर पुसली." ते खरंच होतं. फरशी मीच पुसून काढली होती. शेवगावला विहिरीवर बोललो असतो तर खरं ठरलं असतं. तीन दिवसांनंतर माझं खरं बोलणं त्यांना दया वाटत होतं, आणि दयेवर जगणारा तो माणूस नव्हता.

"चाक पुन्ना करा," अण्णा म्हणाले.

"दुसऱ्याकडनं करून घ्या. माझा हात गेला."

यावर अण्णांनी खिशातून खडू काढला, साधी फूटपट्टी घेतली आणि गुडघे टेकून फरशीवर चाक काढायला लागले. दुपार टळली तरी ते फरशीवरच होते, मग उठले, सागवानाची एक उत्तम फळी निवडली, गोणपाटातून मिस्त्रींची करवत ओढली आणि फळीला लावली. त्यांना लाकूडकाम अजिबात येत नसे. पहिल्याच ओढीला करवत तिरकी गेली.

"अण्णा, ती फळी पाच वरीस सुकवलीय मी," मिस्त्री म्हणाले.

"असंल."

दुसरी ओढ. मिस्त्रींनी डोळे मिटून घेतले. तिसऱ्या ओढीला ते उठले, अण्णांच्या हातातून करवत काढून घेतली आणि म्हणाले, "सरा तिकडं." अण्णा लगेच सरले. दाराबाहेर येऊन मला म्हणाले, "तुमी उद्या शेवगावला. धोतर जाड घ्या."

तात्यांना मी सगळं सांगितलं. ते हसून म्हणाले, "मास्तर, पट्टी लांब हुती म्हनता, आता मोटेचा नाडा धरा, त्यो बी लांबच हाय." मोटेच्या बैलांना माझी किंमत पहिल्या खेपेलाच कळली. मी चल म्हटलं की थांबत, थांब म्हटलं की चालत. तात्या बांधावर बसून विचारायचे, "बैल तुमाला हाकत्यात का तुमी बैलांला?" आठव्या दिवशी मला उतारावर ताणलेल्या नाड्यावर बसता येऊ लागलं. तळहात सोलून निघाले होते. काकू, म्हणजे तात्यांची बायको, त्यावर हळद आणि तेल लावून द्यायच्या. दर खेपेला भरली मोट विहिरीच्या काठावरच्या थारोळ्यात ओतली गेली की ते दोन बैल मान आखडून, मागचा पाय चाचपत, एकेक पाऊल पाठमोरे विहिरीकडं येत आणि प्रत्येक पावलाला माझा जीव वरखाली होई. अण्णा तीस वर्षं हेच डोळ्यांसमोर ठेवून रहाट करत आले होते, आणि मी त्यांच्याकडं इतके दिवस नुसती पगारी नोकरी करत होतो.

बाराव्या दिवशी लॉरी आली. गवतात गुंडाळलेलं चाक, अण्णा आणि मिस्त्री. मिस्त्री आणखी वाळले होते. काकूंनी लिंबाखाली घोंगडी टाकून पानं वाढायला घेतली होती.

"दोन आठवडे चहावर हाय त्यो," अण्णा माझ्या कानाशी म्हणाले. "घरची रडत्यात."

मिस्त्री पानाकडं न बघता म्हणाले, "आधी चाक."

मग कुणीच जेवायला बसलं नाही. चाक चढवलं, खुंट्या ठोकल्या. तात्यांनी बैल आणून उभे केले. मिस्त्री मात्र उठून पलीकडं गेले आणि विहिरीकडं पाठ करून बसले. अण्णा दांड्याला हात लावायला तयार नव्हते. मला म्हणाले, "तुमी फिरवा, मास्तर. हळू."

मी दोन्ही सोललेले हात दांड्यावर ठेवले आणि ढकललं. चाक सरकलं. एक दात, दुसरा दात, दहावा. अर्धी फेरी झाली, पूर्ण झाली. खाली विहिरीत डबे पाण्याला लागल्याचं कळलं, बाकी काही नाही.

"अडाकलं का?" पाठमोरे मिस्त्री म्हणाले.

"नाही."

"मंग आवाज का येईना?"

"बसलं, मिस्त्री."

ते हळूहळू आले. चाकाशी ओणवे झाले आणि दाता-दातामधून अंगठ्याचं नख फिरवत सबंध चाकाला वळसा घातला. शेवटचा दात झाल्यावर त्यांनी आपला उजवा हात डोळ्यांसमोर धरला, उलटा-सुलटा करून बघितला, पोरगं परगावाहून घरी आल्यावर बघतात तसा.

"म्हंजी तुमी खरंच बोलत हुता," ते मला म्हणाले.

"हो."

"लई उशीर केला, मास्टर."

"हो, मिस्त्री." मी वाकून त्यांच्या पायांना हात लावला. त्यांनी लावू दिला. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही.

मिस्त्रींनी चुळा भरल्या, तोंडावर पाणी मारलं आणि काकूंना म्हणाले, "वैनी, भाकरी हाय का?"

काकू धावल्याच. बाजरीची भाकरी, पिठलं, कांदा. मिस्त्री घोंगडीवर मांडी घालून बसले आणि जेवू लागले. अण्णा त्यांच्या समोर उकिडवे बसून नुसते बघत होते. स्वतःचं पान त्यांनी काकूंना हातानंच नको म्हणून सांगितलं. पहिली भाकरी संपली. दुसरी आली. तिकडं तात्यांनी बैल जुंपून तयार ठेवले होते. वर्षभर या पाण्याची वाट बघितलेला माणूस तो, त्याला दम कुठला? चाबूक हातात घेऊन म्हणाले, "अण्णा, हाकू का आता?"

अण्णांनी मिस्त्रींवरची नजर काढली नाही.

"थांबा जरा. जेवन हू द्या त्येंचं."

तात्यांनी चाबूक खाली केला, आणि गावातली जमलेली माणसं, ते दोन बैल आणि मी, सगळे मिस्त्रींची तिसरी भाकरी संपायची वाट बघत उन्हात उभे राहिलो.